दर आवर्तनाला तोच गट चुकीच्या आउटलेटखाली का जातो? सिंचनाच्या नकाशातली जुनी दुखणी आणि त्यांची दुरुस्ती

रब्बीचं दुसरं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की फोन सुरू होतात. "यादीत माझा गट चार नंबर आउटलेटला दाखवलाय, मी तर पाचवर भिजतो." गट म्हणजे सातबाऱ्यावरच्या नंबराचा जमिनीचा तुकडा, आउटलेट म्हणजे कालव्यातून त्याच्याकडे पाणी सोडणारं दार. मागच्या वर्षी हाच गट होता, हीच तक्रार होती. तेव्हा नकाशात दुरुस्ती केली, यादी नव्याने काढली, शेतकऱ्याला दाखवलीसुद्धा. तरी यंदा गट परत चारवर जाऊन बसला.

गोदावरी खोऱ्यातल्या एका मायनरवरच्या, म्हणजे कालव्याच्या लहान शाखेवरच्या, पाणी वापर संस्थेचा नकाशा मी सांभाळतो. ही चूक कागदावर बारीक दिसते, पण हिशोब करून बघा. एका क्युसेकच्या आउटलेटमधून सेकंदाला २८.३ लिटर, म्हणजे तासाला साधारण १०० घनमीटर पाणी येतं. एक हेक्टर साडेसात सेंटिमीटर भिजवायचं तर ७५० घनमीटर लागतं. गळती धरलीच नाही तरी हेक्टरी साडेसात तास झाले. आमचा तो गट २.४० हेक्टरचा. तो दुसऱ्या आउटलेटखाली गेला की शेजपाळीतले (शेतकऱ्यांच्या ठरलेल्या पाळ्यांच्या क्रमातले) अठरा तास इकडचे तिकडे होतात आणि पाचवरच्या सगळ्यांच्या पाळ्या सरकतात. रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन गेलेल्या माणसाला चारी कोरडी दिसते, तेव्हा त्याला फाइलमधली चूक समजावून सांगण्यात काही अर्थ नसतो.

तीन-चार आवर्तनं या एका गटामागे लागल्यावर जे सापडलं ते लिहितो. तुमच्या मायनरवर गट वेगळा असेल, दुखणं बहुतेक यातलंच निघेल.

नकाशा किती आणि कसा सरकलाय ते आधी बघा

गट नकाशावर चुकीच्या जागी दिसतोय म्हणून लगेच तो ओढून जागेवर बसवू नका. आधी शेजारचे गट बघा. सगळंच्या सगळं गाव एकाच दिशेला, शंभर-सव्वाशे मीटर सरकलेलं असेल तर दोष गटात नाही, संदर्भात आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट लंबवर्तुळावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या मापावर होते. मोबाईलमधलं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर चालतं. जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश तसेच उचलून नव्या नकाशात टाकले की आपल्या भागात साधारण एवढाच फरक पडतो. उपाय सोपा आहे: फाइलला तिची खरी संदर्भप्रणाली (तिचे आकडे कोणत्या मापावरचे आहेत ते) सांगायची आणि मग रूपांतर करून घ्यायचं. हाताने ओढून बसवलं तर आज बसेल, पुढच्या फाइलच्या वेळी पुन्हा निसटेल.

बिंदू शेकडो किलोमीटर लांब गेला असेल तर ते त्याहून सोपं. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल झालेली असते. १९ आणि ७४ उलटे लिहिले की आपलं आउटलेट नॉर्वेच्या उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडतं. दुसरं कारण यूटीएमच्या पट्ट्याचं. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे करून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत. ७८ रेखांशाच्या पश्चिमेचा महाराष्ट्र ४३ व्या पट्ट्यात येतो, पूर्वेचा ४४ व्या. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या मंडळींनी नाशिक-नगरकडून आलेला तयार नमुना तसाच वापरला की हा घोळ होतो. यवतमाळ जिल्ह्यातून तर ही रेषाच जाते, तिथे दोन्ही पट्ट्यांच्या फाइली सापडतील.

त्रास देतं ते तिसरं लक्षण: गावाच्या एका टोकाला नकाशा बरोबर बसतो, दुसऱ्या टोकाला पंधरा-वीस मीटर सुटतो. हा कागदाचा दोष. जुने गाव नकाशे शंकू-साखळीच्या मोजणीवरचे. आपली साखळी ३३ फुटांची, आणि साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा. एक इंचाला वीस साखळ्या अशा प्रमाणाचा नकाशा असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ आठ मीटर होतो. पेनाची रेघच चार मीटर रुंद पडली म्हणा. त्यात कागद आक्रसलेला, घडीवर फाटलेला, स्कॅन करताना तिरका ठेवलेला. अशा नकाशाला चार कोपऱ्यांच्या चार खुणांवर बसवलं तर मधलं शिवार कुठेही जातं. दहा-बारा खुणा घ्या आणि त्या गावभर पसरवा. शिवेचे दगड, जुन्या बांधीव विहिरी, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, गाडीवाट ओढा ओलांडते ती जागा. झाड घेऊ नका, आणि नवीन डांबरी रस्त्याचं वळणही घेऊ नका. रुंदीकरणात ते कधीच हललेलं असतं.

प्रत्येक गाव असं स्वतंत्र बसवलं की शिवेवर दोन गावांच्या मध्ये फट राहते, नाही तर एकावर एक चढतं. मायनर शिवेवरून जात असेल तर आउटलेट नेमकं त्या फटीत पडतं आणि कुठल्याच गटाला जुळत नाही. शिवेवरच्या गटांची यादी वेगळी काढून ती हाताने तपासण्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

एक गोष्ट इथेच स्पष्ट लिहितो. हा नकाशा पाणी कुणाला किती द्यायचं यासाठी आहे. बांधाचा वाद मिटवायला भूमी अभिलेखची मोजणी आणि तिची 'क' प्रत असते. आमच्या नकाशाच्या प्रत्येक छापील प्रतीवर तसं वाक्य टाकलेलं आहे. ते नव्हतं तेव्हा दोन भावांनी बांध कोरण्यासाठी आमचा नकाशा पुरावा म्हणून नेला होता.

गट नंबर म्हणजे आकडा नव्हे

जागा बरोबर आहे, तरी सातबाऱ्याची माहिती भलत्याच गटाला चिकटते. इथे दहातली आठ वेळा एक्सेल असतं. इंग्रजी अंकांत १२/५ टाकलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, १२ मे. नंतर रकान्याचा प्रकार बदलून उपयोग नसतो, कारण मूळ नोंद तोवर गेलेली असते आणि हाती पाच आकडी भलतीच संख्या येते. भरायला बसण्याआधी रकाना 'टेक्स्ट' करा. त्याहून चांगलं म्हणजे गट आणि हिस्सा दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा, तिरकी रेघच नको.

मग अंक. एका यादीत गट देवनागरी अंकांत, दुसरीत इंग्रजी अंकांत. माणसाला दोन्ही एकच वाटतात, संगणकाला नाही. आम्ही नियम केला: साठवताना एकाच लिपीचे अंक, छापताना मराठी. गावाच्या नावातही तेच. कुठे 'बुद्रुक', कुठे 'बु.', कुठे नुसतं नाव. आणि शेजारी त्याच नावाचं खुर्द असतंच. गट क्रमांक ४५ प्रत्येक गावात असतो. म्हणून जोडणी नावावर कधीच करू नका. जनगणनेचा किंवा शासनाच्या यादीतला गावाचा कोड, त्यापुढे गट, त्यापुढे हिस्सा, हीच ओळख. शेतकऱ्याचं नाव ओळख म्हणून तर मुळीच नको. 'ॲ' हे अक्षरच टंकायच्या दोन पद्धती आहेत. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावं जुळत नाहीत आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाते.

एकत्रीकरणाचाही हिशोब धरावा लागतो. तुकडेबंदी-तुकडेजोडीच्या १९४७ च्या कायद्याखाली गावोगावी एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. पण मायनरचं लाभक्षेत्र ठरवलं त्या वेळच्या याद्यांत पुष्कळदा सर्व्हे नंबरच आहेत. सर्व्हे नंबर ८७ आणि गट नंबर ८७ यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. आमच्याकडे अशी अकरा नावं निघाली; त्यांची जमीन लाभक्षेत्रात असूनही यादीत भलत्यांची नावं होती. तलाठी कार्यालयातून जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता मिळवून एकदाच बसा. काम कंटाळवाणं आहे, पण परत करावं लागत नाही.

पोटहिश्शांचं दुखणं मात्र कायमचं. सातबाऱ्यावर १२५/१, १२५/२, १२५/३ झालेत, नकाशावर अजून अखंड १२५. पोटहिस्सा मोजणी झालेलीच नसते. अशा वेळी उपग्रहाच्या चित्रावर बांध दिसतो म्हणून रेघ मारण्याचा मोह होतो. मारू नका. १२५ चा आकार एकच ठेवा आणि त्याला जोडलेल्या वेगळ्या तक्त्यात हिस्सेदार, त्यांचं क्षेत्र आणि प्रत्येकाचं आउटलेट लिहा. एकाच गटाचा वरचा हिस्सा एका आउटलेटवर आणि खालचा दुसऱ्यावर भिजतो, हे या तक्त्यात सुखाने मावतं. नकाशात घुसडायला गेलात तर भांडण विकत घ्याल.

क्षेत्र जुळत नाही अशी तक्रार आली तर दोन गोष्टी आधी बघा. नकाशा वेब मर्केटरमध्ये (इंटरनेटवरच्या नकाशांच्या नेहमीच्या पद्धतीत) उघडून सपाटीवर क्षेत्र मोजलं असेल तर आपल्या अक्षांशावर ते बारा टक्क्यांच्या आसपास फुगतं. दोन हेक्टरचे सव्वादोन होतात. यूटीएममध्ये मोजा. आणि सातबाऱ्यावरच्या लागवडीयोग्य क्षेत्रात पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) नसतो, नकाशातल्या आकारात असतो. तेवढा फरक राहणारच, ती चूक नाही.

खरं दुखणं: जवळचं आउटलेट

हे सगळं निस्तरलं तरी आमचा गट चारवरच जात होता. मग एका सकाळी तात्यांना, म्हणजे कालव्याचं पाणी सोडायचं काम केलेल्या निवृत्त पाटकऱ्यांना, मोबाईलवर नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "यात ओढा कुठाय?"

"ओढा नाही टाकलेला, तात्या. फक्त गट आणि आउटलेट."

"मग कसं कळंल तुला? चारचं पाणी ओढ्याच्या अल्याडच संपतं. हा गट पल्याड. याला पाचवरून पोटचारी फिरून येती, त्या जांभळीखालून."

आम्ही चालत गेलो. नकाशावर चार नंबर आउटलेट त्या गटापासून १८० मीटरवर, पाच नंबर ४१० वर. मधला ओढा माणूसभर खोल. पोटचारी खरोखरच जांभळीखालून वळसा घेऊन आलेली, एका जागी सिमेंटच्या नळीतून बांध ओलांडून. पाणी त्या दिवशी चालू होतं, नळीच्या तोंडाशी पाचट अडकून फुगवटा आला होता आणि शेतकरी फावड्याने तो काढत होता. हे कुठल्याही उपग्रहाच्या चित्रात दिसत नव्हतं. जांभळीच्या सावलीत सगळं झाकलेलं.

मुळात नकाशा पहिल्यांदा तयार झाला तेव्हा प्रत्येक गट 'सर्वांत जवळच्या आउटलेटला' आपोआप जोडला होता. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते दोन मिनिटांचं काम आहे आणि निकाल इतका नीटनेटका दिसतो की कुणाला शंकाच येत नाही. पण पाणी अंतर बघत नाही, उतार बघतं. जवळचं आउटलेट खालच्या पातळीवर असेल, मध्ये ओढा, रस्ता, विहीर असेल, तर ते त्या गटाच्या काही उपयोगाचं नाही.

उताराचा नकाशा वापरून हे सोडवता येईल असं वाटतं. मलाही वाटलं होतं. फुकट मिळणारी उंचीची माहिती तीस मीटरच्या चौकोनांची असते आणि उंचीत काही मीटरची चूक पोटात घेऊन येते. पोटचारीचा उतार शंभर मीटरला दहा-वीस सेंटिमीटर. त्या माहितीवरून मोठे ओढे आणि टेकाडं कळतात, कुठला गट कुठे भिजतो ते कळत नाही.

आमच्या मते गट आणि आउटलेट यांचं नातं गणिताने काढायचंच नाही. ते लिहायचं. एक स्वतंत्र तक्ता: गटाची ओळख, हिस्सा, आउटलेट, कुणी सांगितलं, कुणी बघितलं, कोणत्या तारखेला, पाणी चालू असताना की नसताना. कायद्याचा विचारही याच दिशेचा आहे. सिंचन व्यवस्थापनाचा २००५ चा अधिनियम पाणी वापर संस्थेचं क्षेत्र गावाच्या शिवेवर ठरवत नाही, ज्या वितरिकेवर किंवा मायनरवर ते भिजतं त्यावर ठरवतो. मायनरच्या पातळीवर जे खरं, तेच आउटलेटच्या पातळीवरही खरं. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या संस्था पाणी मोजून घेतात. मोजून घेतलेलं पाणी आत वाटायचं तर ही यादीच हिशोबाचा पाया असते.

तक्ता भरायची वेळ आवर्तनाचीच धरा. उन्हाळ्यात कोरड्या चाऱ्या बघून लोक सवयीने उत्तरं देतात. पाणी चालू असलं की पाण्यामागे चालत जाता येतं. आम्ही क्यूफील्ड हे नकाशाचं मोबाईल ॲप घेऊन आउटलेटपासून टोकापर्यंत चालत गेलो, पाणी शेतात शिरतं त्या प्रत्येक दाराशी थांबून विचारलं. एका आउटलेटला अर्धा दिवस लागतो. मोबाईलवरची अचूकता पाच मीटरच्या आत आल्याशिवाय बिंदू घेऊ नका. उभ्या उसात ती पंधरावर जाते, तेव्हा बांधावर उघड्यावर या. आउटलेटचे बिंदू मात्र दोन वेगवेगळ्या दिवशी घ्या आणि दोन्हींत दहा मीटरांहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा जा.

साखळी क्रमांक आणि डावं-उजवं

आउटलेटची सरकारी ओळख साखळी क्रमांकाने, म्हणजे मायनरच्या मुखापासूनच्या अंतराने होते. नकाशावरची मायनरची रेघ संगणकाने मोजली की हे अंतर दगडावरच्या आकड्याशी जुळत नाही आणि खालच्या भागात फरक वाढत जातो. कारण साधं आहे: रेघ काढणाऱ्याने वळणं छाटलेली असतात. दर वळणाला दोन-तीन मीटर गेले तरी पाच किलोमीटरवर शंभर मीटर सहज जातात, तेवढ्यात दोन आउटलेटची अदलाबदल होते. मुखापासून सलग मोजू नका. जितके साखळीचे दगड शाबूत असतील तितके नकाशावर घ्या आणि दोन दगडांमधलं अंतर त्या दोघांतच वाटून द्या. ब्रिटिशांच्या काळातल्या कालव्यांवर जुन्या नोंदी मैल-फुटांत असतात, त्या किलोमीटर समजून वाचलेल्या नाहीत ना तेही बघा.

रेघेची दिशाही बघा. डावं आणि उजवं पाण्याच्या वाहण्यानुसार ठरतं. कुणी रेघ टेलकडून (शेवटच्या टोकाकडून) मुखाकडे काढली असेल तर सगळी डावी आउटलेट उजवी होतात. रेघेवर बाणाची खूण चढवली की एका नजरेत दिसतं. आमच्या सात उपचाऱ्यांपैकी तीन उलट्या होत्या.

उपग्रहाचा आधार किती घ्यायचा

कोणतं शेत भिजलं हे तपासायला सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दहा मीटरचा चौकोन आणि साधारण पाच दिवसांनी एक चित्र. पण वीस गुंठ्यांचं वीस मीटर रुंद, शंभर मीटर लांब पट्टीसारखं शेत घ्या. त्यात पूर्ण आत बसणारे चौकोन धड दहाही मिळत नाहीत. बाकीच्यांत शेजाऱ्याचं पीक मिसळतं. नकाशा आठ मीटर सरकलेला असेल तर तुम्ही शेजाऱ्याचाच गहू मोजता. आणि हिरवं दिसतं म्हणजे कालव्यावर भिजलं असं नाही. आमच्याकडे मायनरच्या दोन्ही बाजूंना विहिरी आहेत. चित्रावरून कुणाच्या नावे पाणीपट्टी टाकू नये, या मतावर मी ठाम आहे. चित्राने फक्त पुन्हा कुठे जाऊन बघायचं ते ठरवावं.

दुरुस्त केलेली चूक परत का येते

आता त्या गटाकडे. मी मागच्या वर्षी केलेली दुरुस्ती खरी होती, पण ती माझ्या लॅपटॉपवरच्या प्रतीत होती. सचिवांकडे पेनड्राइव्हमध्ये वेगळी प्रत, मोजणीला आलेल्या मुलाच्या मोबाईलमध्ये व्हॉट्सॲपवरून गेलेली केएमएल प्रकारची नकाशा-फाइल वेगळी. रब्बीआधी कुणीतरी यादी नव्याने काढली ती जुन्या फाइलवरून, आणि काढताना 'जवळचं आउटलेट' पुन्हा चालवलं. चालत जाऊन मिळवलेली माहिती एका बटणाने पुसली गेली.

आता मूळ फाइल एकच आहे, जिओपॅकेज या प्रकारातली. आधीचा प्रकार, शेपफाइल, सोडला; तिच्यात रकान्याचं नाव दहा अक्षरांत कापलं जातं आणि सोबतची छोटी फाइल हरवली की मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं होतात. दुरुस्ती फक्त मूळ फाइलमध्ये करायची आणि तारीख-नाव टाकून. बाहेर जाणारी प्रत्येक प्रत तिच्यातून काढलेली, नावातच तारीख असलेली. प्रत्यक्ष बघून भरलेल्या ओळींना कुलूप. त्या बदलायच्या तर पुन्हा जागेवर जाऊनच. यादी छापण्याआधी एक तपासणी चालते: आउटलेट नसलेले गट, दोन आउटलेटला लागलेले हिस्से, मायनरच्या रेघेपासून पाच मीटरांहून लांब असलेली आउटलेट, आणि मागच्या आवर्तनाच्या यादीपेक्षा बदललेली प्रत्येक ओळ. शेवटची तपासणी सगळ्यांत मोलाची. बदल झाला आणि कारण लिहिलेलं नाही, तर यादी छापायची नाही.

यंदाच्या तिसऱ्या पाळीला तो गट पाचवर आला. कार्यालयाच्या भिंतीवर आता मायनरचा मोठा छापील नकाशा आहे, कोपऱ्यात प्रतीची तारीख, आणि खिळ्याला दोरीने बांधलेली पेन्सिल. पाणीपट्टी भरायला आलेला माणूस आपला गट शोधतो, चुकीचा असेल तर खूण करून आपलं नाव लिहितो. परवाच्या खुणांमध्ये तात्यांच्या हाताने काढलेली ओढ्याची एक रेघ आहे, आम्ही टाकली होती तिच्यापेक्षा चाळीस मीटर वर. आवर्तन बंद व्हायच्या आत ती बघायला जायचंय.